रेषेतील गती : चलन, काळ व अवकाश यांच्या शोधाचे साधन म्हणून रेखाटन

गोषवारा

रेखाटन म्हणजे समोरच्या वस्तूचे हुबेहूब रूप कागदावर उतरविण्याचे कौशल्य, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात रेखाटनाचा विचार एक शोधपद्धती म्हणून केला आहे. कागदावरील रेषा स्थिर दिसत असली तरी ती हाताच्या हालचालीतून, काही काळ खर्ची पडून आणि कागदाच्या अवकाशात निर्माण होते. त्यामुळे गती, काळ आणि अवकाश यांविषयी रेषा जे सांगू शकते, ते क्षण गोठविणाऱ्या छायाचित्राला सांगता येतेच असे नाही. भारतीय चित्रशास्त्र, लिओनार्दो दा विंची, एत्येन-झूल मारे, अजिंठ्याची कथनचित्रे, विल्यम केंट्रिज, जिव्या सोमा मशे आणि नसरीन मोहमदी यांच्या उदाहरणांच्या आधारे हे प्रतिपादन येथे मांडले असून, शेवटी कलाशिक्षणाच्या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

कळीचे शब्द : रेखाटन, रेषा, गती, काळ, अवकाश, छायाचित्रण, वारली चित्रकला, कलाशिक्षण.

१. प्रस्तावना

चित्रकलेच्या वर्गात विद्यार्थ्यासमोर घडा, फळे, पुस्तके अशा वस्तू मांडल्या जातात. त्या हलत नाहीत, म्हणूनच त्यांचा अभ्यास करणे सोयीचे असते. अशा चित्राला ‘स्थिरचित्र’ हे नावही समर्पक आहे. परंतु हाच विद्यार्थी वर्गाबाहेर पडला की त्याला दिसणारे जग क्षणभरही स्थिर नसते. रस्त्यावरची माणसे चालत असतात, झाडाची फांदी हलत असते, भिंतीवरची सावली सरकत असते आणि पाहणाऱ्याची स्वतःची नजरही सतत फिरत असते. स्थिर कागदावरील स्थिर रेषेने या चालत्या जगाविषयी काय सांगावे आणि कशाच्या आधारे सांगावे, हा चित्रकलेतील एक मूलभूत प्रश्न आहे.

या प्रश्नाला आज वेगळी निकड प्राप्त झाली आहे. कॅमेरा असलेला मोबाइल बहुतेकांच्या हाती आला असून, अनेक विद्यार्थी प्रत्यक्ष दृश्यावरून रेखाटन करण्याऐवजी त्याच्या छायाचित्रावरून करतात. छायाचित्रात गती आधीच थांबविलेली असते. तीन मितींचे दोन मितींत रूपांतर झालेले असते. चौकटीत काय घ्यावे व काय सोडावे हेही ठरून गेलेले असते. म्हणजे रेखाटनातील सर्वांत अवघड निर्णय यंत्राने परस्पर घेतलेले असतात आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला केवळ नक्कल उरते. या पद्धतीने काढलेले चित्र नीटनेटके असू शकते. परंतु ते काढताना विद्यार्थ्याला काय कळले, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे : रेखाटन केल्याने असे काय कळते, जे अन्य मार्गाने कळत नाही?

२. रेखाटन : फलित आणि क्रिया

‘रेखाटन’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. कागदावर तयार झालेले चित्र हे रेखाटन आणि ते काढण्याची क्रिया हेही रेखाटनच. पहिल्या अर्थाने पाहिल्यास ते एकाच दृष्टिक्षेपात समोर येते आणि काळाशी त्याचा संबंध जाणवत नाही. दुसऱ्या अर्थाने पाहिल्यास मात्र प्रत्येक रेषेला आरंभ, मार्ग आणि शेवट असतो.

भाषेने ही जाणीव जपून ठेवलेली दिसते. संस्कृतातील ‘लिख्’ या धातूचे ओरखडणे, रेखणे आणि लिहिणे असे अर्थ आहेत. ‘आलेख्य’ म्हणजे चित्र. मराठीत रेघ ओढली जाते, रेघ मारली जाते आणि रेघ आखलीही जाते. ही तिन्ही क्रियापदे हाताच्या तीन निरनिराळ्या हालचाली सांगतात. ओढलेल्या रेघेत हात कागदाला न सोडता सावकाश पुढे जातो. मारलेल्या रेघेत झटका व वेग असतो. आखलेल्या रेघेत मोजमाप, पट्टी आणि आधी केलेला विचार असतो. रेषा पाहून ती कशी काढली गेली हे बहुधा ओळखता येते, कारण हाताचा वेग व दाब तिच्या जाडीत, कडेत आणि वळणात उतरलेला असतो. ठिपक्यांच्या रांगोळीचे उदाहरणही येथे उद्बोधक ठरते. अंगणातील ठिपके एका जागी असतात. परंतु रांगोळी तयार होते ती त्यांच्यामधून वाट काढीत जाणाऱ्या बोटांच्या चिमटीमुळे. ती वाट ठाऊक नसेल, तर पूर्ण झालेली आकृती डोळ्यांसमोर असूनही ती पुन्हा काढणे कठीण जाते.

विसाव्या शतकातील कलाविचाराने हीच गोष्ट सिद्धान्ताच्या पातळीवर मांडली. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत अध्यापन करणाऱ्या पॉल क्ले यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अध्यापनविषयक पुस्तिकेत रेषेचा उगम चालणाऱ्या बिंदूत मानला. त्यांचे सहकारी वासिली कँडिन्स्की यांनी १९२६ मध्ये नर्तिका ग्रेट पालुका यांच्या छायाचित्रांवरून चार रेखाकृती केल्या. त्यांत चेहरा, वस्त्रे, स्नायू यांपैकी काहीही नाही. शरीराने घेतलेला बाक आणि हातापायांचा ताण तेवढा मोजक्या वक्ररेषांत व सरळ रेषांत उरतो. नर्तिका कशी दिसते यापेक्षा नृत्य कसे घडते याकडे येथे लक्ष आहे.

३. गती : रूप आणि कृती

चित्र आणि गती यांच्या नात्याचा विचार भारतीय परंपरेत फार पूर्वीपासून झालेला आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात की, नृत्यशास्त्र जाणल्याखेरीज चित्रसूत्र समजणे कठीण आहे. त्याच ग्रंथात लाटा, ज्वाला, धूर आणि वाऱ्यावर फडकणारी पताका ज्याला वाऱ्याच्या गतीसह रेखता येतात, तो चित्रविद्येचा जाणकार मानला आहे. निद्रिस्त व्यक्ती आणि मृत व्यक्ती यांतील भेद चित्रात दिसला पाहिजे, अशीही अपेक्षा तेथे व्यक्त झाली आहे. ही शेवटची कसोटी विशेष महत्त्वाची आहे. झोपलेले शरीर आणि निष्प्राण शरीर यांची बाह्याकृती जवळजवळ सारखीच असू शकते. फरक असतो तो श्वासाचा, म्हणजेच अत्यंत सूक्ष्म अशा गतीचा. बाह्यरूपाची बिनचूक नोंद करणारा चित्रकार या कसोटीला उतरेलच असे नाही.

युरोपात या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा लिओनार्दो दा विंची यांच्या रेखाटनांत दिसतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांचा सुमारे १४८० मधील एक लहानसा कागद आहे. त्यावर माता, बालक आणि बालकाच्या हातातून निसटू पाहणारे मांजर यांचे रेखाटन आहे. रेषा एकमेकींवर इतक्या वेळा आल्या आहेत की, डोक्याची किंवा पायाची नेमकी एक कड सापडत नाही. मागच्या बाजूला हीच आकृती कागदातून उमटवून घेऊन लिओनार्दो यांनी तिच्यात पुन्हा बदल केले. तयार चित्राच्या निकषावर हा कागद अपुरा ठरेल. परंतु बालक, माता आणि मांजर या तिघांच्याही हालचाली परस्परांवर अवलंबून आहेत. मांजर सुटले की मूल झुकणार आणि मूल झुकले की मातेचा हात सरकणार. ही साखळी एका रेषेत मावत नाही, म्हणून रेषा अनेक झाल्या. येथे खोडलेली वा ओलांडलेली रेषा ही चूक नसून विचाराचा टप्पा आहे. पुढे १५१० च्या सुमारास त्यांनी अडथळ्यांवरून वाहणाऱ्या आणि डोहात कोसळणाऱ्या पाण्याची रेखाटने केली. पाण्याला स्वतःचा आकार नसतो. त्याला प्रवाह असतो. तो प्रवाह समजून घेण्यासाठी लिओनार्दो यांनी त्याची तुलना केसांच्या बटांशी केली आणि रेषेने भोवऱ्यांचा मागोवा घेतला.

एकोणिसाव्या शतकात छायाचित्रणाने या प्रयत्नांसमोर मोठे आव्हान उभे केले. फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिको यांच्या १८२१ मधील एप्समच्या घोडदौडीच्या चित्रात घोड्यांचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले असून चारही पाय जमिनीपासून सुटलेले आहेत. दौडणारा घोडा असाच दाखविण्याची प्रथा होती. १८७८ मध्ये एदवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने लावून दौडणाऱ्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली. त्यांतून असे सिद्ध झाले की, घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात हे खरे. परंतु त्या क्षणी ते पोटाखाली आखडलेले असतात, ताणलेले नसतात. चित्रकारांची परंपरागत आकृती शरीरशास्त्राच्या दृष्टीने चुकीची ठरली.

तथापि, हा निर्णय अंतिम नव्हता. शिल्पकार ऑग्युस्त रोदँ यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संभाषणांत जेरिको यांची बाजू घेतली. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा की, प्रत्यक्षात काळ कधी थांबत नाही. त्यामुळे थांबलेला क्षण दाखविणारे छायाचित्रच एका अर्थी अनुभवाशी विसंगत असते. जेरिको यांच्या घोड्याकडे पाहताना प्रेक्षकाची नजर मागच्या पायांकडून पुढच्या पायांकडे जाते. मागच्या पायांनी घेतलेली झेप आणि पुढच्या पायांची जमिनीकडे जाणारी धाव या दोन निरनिराळ्या क्षणांच्या अवस्था चित्रात एकत्र आल्या आहेत. एका क्षणाचे चित्र म्हणून ते असत्य आहे. पण दौडीचे चित्र म्हणून ते सत्य आहे. या युक्तिवादाने मायब्रिज यांच्या छायाचित्रांतील माहितीचे मोल कमी होत नाही. कॅमेरा आणि रेखाटन यांनी विचारलेले प्रश्नच भिन्न आहेत, एवढे मात्र त्यावरून स्पष्ट होते.

फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-झूल मारे यांचे कार्य या दोहोंच्या मधले आहे. १८६० च्या सुमारास त्यांनी नाडीचे ठोके नोंदविणारे उपकरण विकसित केले. मनगटावरील नाडीच्या स्पंदनाने एक बारीक दांडी हले आणि तिचे टोक काजळी धरलेल्या सरकत्या पट्टीवर रेषा ओढत जाई. येथे रेखाटनकार म्हणजे स्वतः नाडीच होती. आज रुग्णालयात काढला जाणारा हृदयाचा विद्युत आलेखही याच विचाराचा वारस आहे. पुढे १८८२ मध्ये मारे यांनी सेकंदाला १२ प्रतिमा घेणारी छायाचित्र-बंदूक तयार केली. एकाच काचेवर अनेक क्षण घेतल्यास प्रतिमा एकमेकींत मिसळून जातात, ही अडचण लक्षात आल्यावर त्यांनी चालणाऱ्या माणसाला पूर्ण काळा पोशाख चढविला आणि हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या. परिणामी काचेवर माणूस दिसेनासा झाला आणि त्याच्या चालीच्या पांढऱ्या रेषा तेवढ्या उरल्या. गती समजून घेण्यासाठी छायाचित्रालाही अखेर रेखाटनाचे रूप घ्यावे लागले, ही बाब लक्षणीय आहे. मार्सेल द्युशाँ यांचे जिना उतरणाऱ्या विवस्त्र आकृतीचे १९१२ मधील प्रसिद्ध चित्र या प्रयोगांचे ऋणी आहे.

कलाशिक्षणात ही दृष्टी आणण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते, त्यांत अमेरिकन शिक्षक किमॉन निकोलाइडिस यांचा समावेश होतो. त्यांच्या निधनानंतर १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात द्रुत रेखाटनाचा अभ्यासक्रम दिला आहे. त्यात एखादी वस्तू कशी दिसते यापेक्षा ती काय करीत आहे हे विद्यार्थ्याने अत्यंत थोड्या वेळात रेखावयाचे असते. कडा रेखण्यास अवधीच नसल्यामुळे शरीराचा भार कोठे आहे, झोक कोणत्या दिशेला आहे, हे आधी पाहावे लागते. विद्यार्थ्याचे स्वतःचे शरीरही नकळत तो झोक अनुभवू लागते. गतीचे आकलन अशा रीतीने डोळ्यांपुरते न राहता देहात उतरते.

४. काळ : क्रम, स्थळ आणि स्मृती

गतीचा विचार करताना काळाचा विचार अपरिहार्यपणे येतो. चित्रात काळ कसा मांडावा याची उत्तरे परंपरेगणिक वेगवेगळी आहेत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एकच पात्र एकाच सलग दृश्यात पुन्हा पुन्हा भेटते. सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकाचा राजपुत्र निरनिराळ्या प्रसंगांत दिसतो. परंतु या प्रसंगांमध्ये चौकटी नाहीत. कला-इतिहासकार विद्या दहेजिया यांनी असे दाखवून दिले आहे की, अजिंठ्यातील कथनाची मांडणी पुष्कळदा घटनांच्या क्रमाने नसून स्थळांच्या अनुरोधाने झालेली आहे. राजवाड्यात घडणारे प्रसंग, ते कथेत आधीचे असोत वा नंतरचे, राजवाड्याजवळ येतात. अरण्यातले प्रसंग अरण्यात येतात. येथे काळाला अवकाशाचे रूप मिळाले आहे. कथा ठाऊक असलेला प्रेक्षक भिंतीसमोर चालत, थांबत आणि मागे वळत तिचा क्रम स्वतः जुळवितो. भिंतीवरील काळ त्याच्या पावलांनी चालू होतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा याहून वेगळा मार्ग स्वीकारते. तेथे प्रसंगांची चित्रे सुट्या कागदांवर असून त्यांच्या पोथ्या केलेल्या असतात. कथेकरी एकामागून एक चित्र समोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगतो. कोणते चित्र किती वेळ दिसावे हे कथेकऱ्याच्या हाती असते. भिंतीवर पसरलेला काळ येथे क्रमाने उलगडतो. दोन्ही परंपरांत चित्र स्वतः स्थिर आहे. मात्र पाहण्याची कृती काळात घडते याची पुरती जाणीव दोन्हींत आहे.

काळाचा आणखी एक पैलू म्हणजे स्मृती. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे १९५५ मध्ये जन्मलेले कलावंत विल्यम केंट्रिज यांनी १९८९ पासून कोळशाच्या रेखाटनांतून चलच्चित्रे निर्माण केली. नेहमीच्या चलच्चित्रात प्रत्येक हालचालीसाठी नवे चित्र काढले जाते. केंट्रिज मात्र एकाच कागदावर चित्र काढतात, कॅमेऱ्याने त्याची नोंद घेतात, कागदाजवळ परत येऊन थोडा भाग खोडतात, बदलतात आणि पुन्हा नोंद घेतात. कोळसा पूर्णपणे पुसला जात नाही. पात्र पुढे सरकते तेव्हा त्याच्या आधीच्या जागी एक करडा डाग मागे राहतो. प्रेक्षकाला वर्तमानाबरोबर भूतकाळाचा माग सतत दिसत राहतो.

ही केवळ तांत्रिक करामत नाही. ‘फेलिक्स इन एक्झाइल’ हे त्यांचे चलच्चित्र १९९४ मधील, म्हणजे वर्णभेदी राजवटीच्या अखेरीच्या आणि सर्व वंशांच्या नागरिकांना मतदानाचा हक्क देणाऱ्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वर्षातील आहे. त्यात नांदी नावाची आफ्रिकी स्त्री भूमीचे सर्वेक्षण करीत तिची रेखाटने करते. हिंसाचारात मारल्या गेलेल्यांची शरीरे भूप्रदेशावर पडलेली असतात. त्यांच्यावर वर्तमानपत्रांचे कागद येऊन चिकटतात आणि हळूहळू ती शरीरे जमिनीत विरून जातात. अखेरीस नांदीचीही तीच गत होते. भूमी आपल्यावर घडलेले सर्व पुसून टाकते. कोळशाचा कागद मात्र तसे करू शकत नाही. नव्या राष्ट्राच्या आनंदोत्सवात कोणाचे विस्मरण होऊ द्यावयाचे नाही, हा प्रश्न येथे न पुसल्या जाणाऱ्या रेषेने विचारला आहे. रेखाटनाचे साधन आणि त्याचा आशय यांचे असे एकरूप होणे विरळा आढळते.

५. अवकाश : एक डोळा, अनेक दिशा

पंधराव्या शतकात इटलीत विकसित झालेल्या यथार्थदर्शनाने चित्रातील अवकाशाला गणिती शिस्त दिली. लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती यांनी १४३५ मध्ये तिचे शास्त्रीय विवेचन केले. या पद्धतीत एकच डोळा एका जागी स्थिर आहे असे गृहीत धरलेले असते आणि दूर जाणाऱ्या समांतर रेषा क्षितिजावरील एका बिंदूत मिळतात. ही पद्धती अत्यंत उपयुक्त असली तरी तिच्यासाठी पाहणाऱ्याची हालचाल थांबवावी लागते. अवकाश समजून घेण्याचा हाच एकमेव मार्ग नाही.

वारली चित्रकलेतील तारपा नृत्य हे याचे उत्तम उदाहरण आहे. पालघर जिल्ह्यातील व आसपासच्या प्रदेशातील वारली समाजात गेरूने सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने आणि बांबूच्या काडीने चित्रे काढली जातात. लग्नप्रसंगी सवाष्णी चौक लिहितात. चित्र ‘लिहिण्याचा’ हा प्रयोग वर उल्लेखिलेल्या धातूचे स्मरण करून देतो. तारपा नृत्याच्या चित्रात हात गुंफलेल्या नर्तकांची रांग वादकाभोवती सर्पिलाकार फिरते. ही सर्पिल आकृती वरून पाहिल्याप्रमाणे दिसते. त्यातील प्रत्येक नर्तक मात्र बाजूने पाहिल्याप्रमाणे रेखलेला असतो. स्थिर डोळ्याला हे दोन्ही एकाच वेळी दिसणे शक्य नाही. परंतु जो नृत्यात सहभागी झाला आहे, त्याला शेजाऱ्याचे शरीर आणि संपूर्ण रांगेचे वळण दोन्ही ठाऊक असतात. हे चित्र बाहेरून पाहणाऱ्याचे नसून आतून नाचणाऱ्याचे आहे, असे म्हणता येईल.

वारली मानवाकृतीची रचनाही गतीच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड तयार होते. ते दोन्ही त्रिकोण कमरेच्या एका बिंदूवर तोललेले असल्यामुळे वरचा त्रिकोण जरासा कलला तरी संपूर्ण आकृती वाकते, धावते किंवा ओझे उचलते. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही शक्यता फार दूरवर नेली. १९७० च्या दशकात ते भिंतीवरून कागदाकडे आणि कापडाकडे वळले आणि परंपरेने स्त्रियांच्या हाती असलेल्या या कलेला त्यांनी स्वतंत्र अभिव्यक्तीचे रूप दिले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान प्राप्त झाला. मासेमारीच्या जाळ्याचे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. सूक्ष्म रेषांचे विणलेले जाळे पृष्ठभागाचा मोठा भाग व्यापते आणि पाहणाऱ्याची नजर त्याच्या वळणांत ओढली जाते. दिवसरात्र अखंड चाललेली हालचाल म्हणजेच जीवन, अशा आशयाचे विचार त्यांनी व्यक्त केले आहेत.

२००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे मशे यांची चित्रे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कलाकृतींसमवेत प्रदर्शित झाली. लाँग यांनी १९६७ मध्ये गवताळ मैदानात एकाच सरळ मार्गाने पुन्हा पुन्हा चालून पावलांनी रेषा उमटविली होती आणि तिचे छायाचित्र हीच कलाकृती मानली होती. एका कलावंताने चालण्याची रेषा केली, दुसऱ्याने नृत्याची. दोघांच्याही बाबतीत रेषेच्या मुळाशी भूमीवर पडलेले पाऊल आहे.

आखलेल्या रेषेतून अवकाशाचा शोध घेणाऱ्या कलावंतांत नसरीन मोहमदी यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. त्यांचा जन्म १९३७ मध्ये कराचीत झाला. लंडन व पॅरिस येथे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी मुंबईत काम केले आणि १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन केले. पेन्सिल, शाई आणि नकाशे काढण्याची उपकरणे यांच्या साहाय्याने त्यांनी केलेल्या रेखाटनांत माणूस, वस्तू किंवा निसर्गदृश्य नाही. आरंभीच्या जाळीदार रचनांतून पुढे तिरप्या रेषांचे समूह पुढे येतात आणि पांढऱ्या कागदावर अधांतरी तरंगल्यासारखे भासतात. या रेषा एका बिंदूत मिळत नाहीत आणि क्षितिजही दाखवीत नाहीत. त्यामुळे पाहणारा नेमका कोठे उभा आहे हे ठरविता येत नाही. रेषांमधील अंतर कमी-अधिक होत जाते आणि त्यानुसार नजरेचा वेगही बदलतो. संगीतातील लयीप्रमाणे येथे मोकळ्या जागेला रेषेइतकेच महत्त्व आहे.

या रेखाटनांमागील जीवनवास्तव ध्यानात घेतल्यास त्यांचे मोल अधिक स्पष्ट होते. मोहमदी यांना मज्जासंस्थेच्या विकाराने ग्रासले होते आणि शरीराच्या हालचालींवरील त्यांचे नियंत्रण उत्तरोत्तर कमी होत गेले. असे असूनही त्या पट्टी व आखणीच्या पेनाच्या आधारे अत्यंत काटेकोर रेषा आखीत राहिल्या. निरोगी हाताला सहज वाटणारी सरळ रेषा त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी नव्याने मिळवावयाची गोष्ट होती. १९९० मध्ये रायगड जिल्ह्यातील किहीम येथे, समुद्राच्या सान्निध्यात, त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या ‘मेट ब्रॉयर’ या तत्कालीन दालनाच्या आरंभीच्या प्रदर्शनांत त्यांच्या रेखाटनांचा समावेश होता. भावनारहित वाटणाऱ्या आखीव रेषेतही देहाची आणि काळाची कथा असू शकते, हे त्यांच्या कार्यातून प्रत्ययाला येते.

६. कलाशिक्षणाच्या संदर्भात

वरील विवेचनाचा संबंध महाराष्ट्रातील कलाशिक्षणाशी सहज जोडता येतो. राज्याच्या कला संचालनालयामार्फत घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी शालेय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांच्या हाती पेन्सिल दिली. या परीक्षांतील ‘स्मरणचित्र’ हा विषय प्रस्तुत संदर्भात विशेष लक्षवेधी आहे. माणसांची वर्दळ असलेला एखादा प्रसंग समोर नसताना, केवळ आठवणीच्या आधारे तो रेखावयाचा असतो. म्हणजे गती, काळ आणि अवकाश या तिन्हींची परीक्षा या एकाच विषयात होते. हालचाल पाहिलेली असली पाहिजे. ती काळाच्या ओघात लक्षात राहिली पाहिजे आणि कागदाच्या अवकाशात तिची रचना करता आली पाहिजे.

व्यवहारात मात्र या विषयाची तयारी पुष्कळदा ठरावीक आकृत्या पाठ करून केली जाते. बसलेला माणूस, उभी स्त्री, पाठमोरे मूल यांचे साचे घोटून घेतले जातात आणि विषय कोणताही आला तरी तेच साचे मांडले जातात. गुण मिळतात, परंतु स्मरण घडत नाही, कारण स्मरणात ठेवण्यासारखे काही पाहिलेलेच नसते. छायाचित्रावरून केलेली नक्कल आणि पाठ केलेले साचे या दोन्हींत एक साम्य आहे : दोन्हींत विद्यार्थ्याला चालत्या जगाकडे पाहावे लागत नाही.

यावर उपाय करण्यासाठी मोठ्या खर्चाची किंवा साधनसामग्रीची आवश्यकता नाही. वर्गातील एका विद्यार्थ्याने ठरावीक हालचाल संथपणे करावी आणि इतरांनी ती खोडरबर न वापरता एकाच कागदावर रेखावी; मैदानावरील खेळ दहा मिनिटे केवळ पाहून मग वर्गात येऊन रेखाटावा; एकाच झाडाची सावली सकाळी, दुपारी आणि सायंकाळी एका कागदावर काढावी; घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता पट्टीविना, चालताना आठवतो तसा रेखावा. या अभ्यासांतून निर्माण होणारे कागद कदाचित प्रदर्शनात लावण्याजोगे नसतील. त्यांचे मूल्यमापन करताना साम्य व नीटनेटकेपणा यांबरोबर निरीक्षणाचा माग किती दिसतो, हेही पाहावे लागेल. खोडलेल्या रेषेला चूक न मानता ती वाचण्याची सवय शिक्षकालाही लावून घ्यावी लागेल.

७. समारोप

रेखाटन गतीला थांबवून तिचे चित्र घेत नाही. ते स्वतःच्या गतीने तिच्या बरोबरीने चालते. लिओनार्दो यांच्या अनेकपदरी रेषा, मारे यांच्या पांढऱ्या पट्ट्या, केंट्रिज यांचे न पुसले जाणारे डाग, मशे यांचे सर्पिल आणि मोहमदी यांच्या आखीव रेषा यांची साधने, हेतू आणि काळ परस्परांहून फार भिन्न आहेत. तथापि, त्या सर्वांत हाताची किंवा देहाची प्रत्यक्ष हालचाल हेच ज्ञानाचे साधन ठरले आहे. छायाचित्रण व संगणक यांमुळे या साधनाची आवश्यकता संपलेली नाही. उलट, थांबलेल्या प्रतिमा विपुल झाल्या असताना चालत्या जगाकडे सावकाश पाहण्याचे शिक्षण अधिक गरजेचे झाले आहे. ते देण्याचे सामर्थ्य एका पेन्सिलीत व कागदात आजही आहे. त्यासाठी विद्यार्थ्याला समोरच्या घड्याबरोबर खिडकीबाहेरचा रस्ताही रेखू दिला पाहिजे.